खोक्यांचे पैसे सहा महिने अडकलेत. ४५ दिवसांचा कायदा खरंच चालतो का?

पुठ्ठेवाली_कुपवाड (३ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. एक कोरुगेशन मशिन, एक रोटरी, पिन मारायची दोन मशिनं, आणि माझ्यासकट सात माणसं. फेब्रुवारी ते मे बेदाण्याची १५ किलोची खोकी, एरवी फाउंड्रीवाले आणि फरसाणवाले. उद्यम नोंदणी २०२० सालीच केलेली आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून.

एका बेदाणा पेढीला मी १२ एप्रिल ते ६ मे या काळात पाच बिलांवर माल दिला. नाव घेत नाही, गाव लहान आहे. एकूण ४ लाख ८० हजार. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली होती, त्यात खाली लिहिलेलं: पेमेंट ९० दिवस. मी "ओके" टाकलं. चलनांवर त्यांच्या गोडाऊनच्या माणसाच्या सह्या आहेत.

९० दिवस संपले जुलै-ऑगस्टात. मी फोन केला तर दिवाणजी म्हणाले, ताई, दिवाळीला झिरो पेमेंट आहे, तेव्हा सगळं क्लिअर होतं. (बाहेरच्यांसाठी: दिवाळीच्या आधी सांगली-तासगावचे बेदाणा सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि आपापसातलं देणं-घेणं शून्यावर आणतात. त्याला इथं झिरो पेमेंट म्हणतात.) मी थांबले. दिवाळी आली. वसुबारसेला त्यांच्या पेढीवर गेले तर मालक हसून म्हणाले, "अहो, झिरो पेमेंट मालाचं असतं, खोक्याचं नसतं." बाहेर येऊन गाडीला किक मारायचीही ताकद नव्हती माझ्यात. बोनस मी सीसीमधून (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून) काढून दिला.

आता नवीन. सप्टेंबरात त्यांनी एक फोटो पाठवला: कोल्ड स्टोअरेजमध्ये थप्पीतली खालची तीन-चार खोकी दबलेली, कोपरे मऊ पडलेले. म्हणे, तुमचा पुठ्ठा कमी बीएफचा (बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे कागदाची ताकद) होता, १० टक्के कापून घेऊ. थप्पी बारा खोक्यांची लावली तर खालचं खोकं बसणारच ना. मी आठ सांगितली होती. तीही तोंडी, हे माझं चुकलंच.

शिवाय या पैशातला ५१ हजारांच्या वर जीएसटी आहे. तो मी त्या त्या वेळी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला (कागदावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वळतं करून) भरून मोकळी झालेय. वसूल एक रुपया नाही.

कोण म्हणतं समाधान पोर्टलवर (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) केस टाका, कोण म्हणतं एकदा केस टाकली की यार्डात कुणी खोकी घेणार नाही. माझी सीझनची ४० टक्के विक्री या एका पेढीवर आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. "कायदा आपल्या बाजूने आहे" एवढंच लिहू नका, ते मला माहितीये.

---

हिशेबनीस (३ नोव्हेंबर)

ताई, मी विश्रामबागेत करसल्ल्याचं काम करतो. आधी एक सांगा: उद्यमच्या दाखल्यावर तुमचा उद्योग "उत्पादन" म्हणून आहे ना? तुम्ही रील आणून स्वतः खोकं बनवता, म्हणजे असणार. पण खात्री करा. दुसऱ्याची खोकी आणून विकणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं, ते फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं.

९० दिवसांचं "ओके" विसरून जा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्याचं कलम १५ म्हणतं की लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. तुम्ही कबूल केलंत म्हणून ९० दिवस कायदेशीर होत नाहीत.

फोटोचं तर फारच सोपं आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी यावी लागते. नाही आली तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. मेचा माल, फोटो सप्टेंबरचा. तो फोटो तुम्हीच जपून ठेवा, कारण त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: माल त्यांच्याकडे पोचला आणि वापरला.

व्याज: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. सध्या (नोव्हेंबर २०२५) बँक दर ५.७५ आहे, म्हणजे १७.२५ टक्के. तुमच्या रकमेवर पहिल्या महिन्याचंच ६,९०० होतं. पाच महिने धरले तर ३५ हजारांच्या आसपास. आणि हे व्याज त्यांना इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही.

---

पुठ्ठेवाली_कुपवाड (३ नोव्हेंबर)

दाखला काढून बघितला, उत्पादनच आहे. पण दादा, ते व्याज मला मिळतंय असं मला स्वप्नातही दिसत नाही. मुद्दल हवंय. आणि ते ४३बी का काय, त्याचा धाक दाखवता येतो का? गेल्या मार्चमध्ये याच पेढीचे दिवाणजी मला म्हणत होते की उद्यमचं सर्टिफिकेट रद्द करून टाका, आमचा सीए कटकट करतो. मी हसण्यावारी नेलं होतं.

---

हिशेबनीस (४ नोव्हेंबर)

हसण्यावारी नेलंत ते बरं केलंत. त्यांना काय टोचतंय ते त्या एका वाक्यातच कळतं.

इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ४३बी(एच) २०२३ च्या अर्थसंकल्पात आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी धरला जातो. म्हणजे ३१ मार्च २०२६ ला तुमचं बिल उभं असेल, तर ती रक्कम त्यांच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाईल आणि त्यावर त्यांना कर भरावा लागेल. पण नीट लक्षात घ्या, नोव्हेंबरात त्यांना याचं काहीच वाटणार नाही. ३० मार्चला चेक दिला तरी त्यांचं भागतं. तो धाक फेब्रुवारीनंतरचा.

आजच्या घडीला चालेल असं हत्यार जीएसटीचं आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या बिलाचं घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. तुमचं शेवटचं बिल ६ मेचं, त्याचे १८० दिवस परवा २ नोव्हेंबरला भरले. म्हणजे पाचही बिलं त्यात आली. दिवाणजींशी बोलू नका, त्यांच्या सीएच्या नावे बिलवार यादी टाकून साधं पत्र पाठवा. भांडणाचा शब्द नको. "आपल्या पुस्तकात ही रक्कम देणे दिसते का, कृपया कळवावे." एवढंच.

---

तासगावचा_अडत्या (४ नोव्हेंबर)

सगळे व्यापाऱ्याच्या मागं लागलात म्हणून लिहितो. मी त्या पेढीचा नाही, पण धंदा तोच.

ताई, तुमचे पैसे बुडवावेत असं कुणाच्या मनात नसतं. आमचा माल उत्तरेला जातो. तिथला माणूस रक्षाबंधनाला माल उचलतो आणि पैसे दिवाळीनंतर टाकतो. तोवर स्टोअरेजचं भाडं आम्ही भरायचं, बँकेचं व्याज आम्ही, शेतकऱ्याला मात्र वेळेत द्यायलाच पाहिजे, त्याची द्राक्षं वर्षभराची असतात. मग हातात राहिलेल्यातून खोकी, लेबलं, पिशव्या, टेम्पो. तुमचा नंबर शेवटी लागतो हे खरं आहे आणि ते वाईट आहे.

पण सरकारनं ४५ दिवस लावले ते फक्त आमच्या एका टोकाला. मी ४५ दिवसांत द्यायचे, आणि मला कोण देणार? माझ्याकडं पण उद्यमचा कागद आहे, भिंतीला फ्रेम करून लावलाय. वर हिशेबनीस साहेबांनी लिहिलंय तसं, मी व्यापारी, म्हणून त्याचा उपयोग कर्जापुरता. दिल्लीवाल्यावर मी केस टाकू शकत नाही.

बाकी ते "झिरो पेमेंट खोक्याचं नसतं" म्हणाले ते मला पटलं नाही. आमच्या पेढीत पुठ्ठेवाल्याचं पण त्याच आठवड्यात देतात.

---

लेथवाला_काका (५ नोव्हेंबर)

पोरी, मी केलंय. म्हणून सांगतो.

माझं मशिनिंगचं शॉप, कुपवाडलाच. २०२१ साली एका कंपनीकडं साडेसात लाख अडकले होते, पार्ट रिजेक्ट आहेत म्हणून. पार्ट मात्र परत देईनात. समाधानवर टाकलं. अर्ज अवघड नाही. बिलं, पीओ (ऑर्डरचा कागद), चलन, उद्यम एवढं लागतं. माझ्या मुलीनं एका रविवारी भरलं. आधी समेटासाठी बोलावतात, नाहीच जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल असं लिहिलंय. माझी पहिली तारीख लागायलाच आठ महिने लागले.

गंमत अशी की नोटीस गेल्याबरोबर ज्या माणसानं दोन वर्षं फोन उचलला नव्हता त्यानं स्वतः फोन केला. त्यांच्या वकिलानं सांगितलं असणार की निकाल विरुद्ध गेला आणि कोर्टात जायचं झालं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, त्याशिवाय कोर्ट ऐकूनच घेत नाही. शेवटी समेटातच मिटलं. मुद्दल चार हप्त्यांत, व्याज सोडलं. सगळं मिळून चौदा महिने.

आता गिऱ्हाईकाचं. गेलं ते परत आलं नाही. शिवाय आणखी एका कंपनीच्या पर्चेसवाल्यानं चहाच्या गाड्यावर ऐकवलं, "काका, तुम्ही केस करता म्हणे." त्या वर्षी माझं एक मशिन निम्मा वेळ बंद होतं. पण खरं सांगू का, त्या साडेसात लाखांवर मी बँकेला व्याज भरत होतो तेव्हाही मशिन चालवून काय मिळत होतं? त्यांच्यासाठी मीच बँक झालो होतो.

४० टक्के विक्री एकावर ठेवू नकोस. ते कायद्यानं नाही सुटणार.

---

मिरजेचा_पक्या (५ नोव्हेंबर)

ताई कागद कुठल्या मिलचा वापरता? १८ बीएफ की २०? आम्हाला पण कोल्ड स्टोअरेजला हाच प्रॉब्लेम येतोय.

---

पुठ्ठेवाली_कुपवाड (६ नोव्हेंबर)

पक्या, बाहेरचा लायनर २० चा, आतला १८. ओल धरते ती फ्लूट (मधला नागमोडी कागद), बीएफ नाही. थप्पीच्या खाली लाकडी पॅलेट टाक आणि भिंतीपासून वीतभर लांब लाव, निम्मा त्रास जाईल.

काका, "मीच बँक झालो होतो" वाचून गप्प बसले थोडा वेळ. कागदवाला मला १५ दिवसांच्या वर एक दिवस देत नाही. तोही २२ सप्टेंबरपासून १२ चा १८ टक्के जीएसटी लावतो, आणि माझ्या खोक्यावर आला ५. ऐकायला ग्राहकाला स्वस्त. माझं क्रेडिट मात्र पोर्टलवर साठत चाललंय, त्याच्या रिफंडचा अर्ज वेगळा करायचा. म्हणजे थोडे पैसे पेढीकडं, थोडे सरकारकडं, आणि रीलवाल्याचा टेम्पो गेटवर.

अडत्या दादा, तुमचं म्हणणं समजलं. पण तुमच्या वरचा तुम्हाला देत नाही म्हणून खालच्याला थांबवायचं, तर माझ्या खाली फक्त मशिनवरच्या बायका आहेत. त्यांना शनिवारी पगार लागतो. तिथं मी कुणाकडं बोट दाखवू?

पत्र लिहिलं. हिशेबनीस दादांनी सांगितलं तसंच, भांडणाचा एक शब्द नाही. बिलवार यादी, चलनांच्या झेरॉक्स. एक प्रत पेढीला आणि एक त्यांच्या सीएच्या ऑफिसात, रजिस्टर्ड पोस्टानं. पोस्टातला माणूस म्हणाला, आता रजिस्टर्ड नाही, सगळं स्पीड पोस्ट. तर स्पीड पोस्टानं.

---

पुठ्ठेवाली_कुपवाड (१९ नोव्हेंबर)

विचारत होतात म्हणून अपडेट.

सीएच्या ऑफिसातून चौथ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. तिनं फक्त बिल नंबर पडताळून घेतले, पाचही बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन: "एवढं पत्रापर्यंत जायची काय गरज होती ताई, घरचं असल्यासारखं आहे." मी म्हणलं, घरचं आहे म्हणूनच पत्र, नाहीतर पोर्टल होतं. हे बोलताना आवाज जरा कापला माझा, पण बोलले.

१ लाख २० हजार खात्यावर आलेत. बाकी ३ लाख ६० हजारांचे तीन चेक आहेत, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे. १० टक्के कपातीचा विषय त्यांनीच काढला नाही. व्याजाचा मीही काढला नाही, पण चेक घेताना "व्याजाचा हक्क राखून" असं पावतीवर लिहिलं. हिशेबनीस दादा, बरोबर केलं ना? फेब्रुवारीचा चेक परत आला तर ३१ मार्चला अवकाश असेल, आणि अर्ज भरून तयार आहे. सबमिट दाबायचं तेवढं बाकी आहे.

येत्या सीझनची ऑर्डर अजून दिलेली नाही त्यांनी. विचारलं तर बघू म्हणाले.

अडत्या दादा, एक काम होतं. त्या पेढीच्या नावाची छापलेली ८०० खोकी माझ्याकडं पडून आहेत, १५ किलोची, फाइव्ह प्लाय. अजून पिन मारलेली नाही, त्यामुळं उलटी वळवून छपाई आत घेता येते. बाहेरून कोरी दिसतील. रोख असेल तर खोक्यामागं तीन रुपये कमी करते. चालत असतील तर सांगा.