हलूमी घडी घालताना तुटतंय, मदत हवी आहे (सायप्रस)

मंडळी, लिमासोलमध्ये घरी हलूमी (सायप्रसचं, तव्यावर न वितळणारं चीज) करायचं चाललंय. इथल्या गावांत बायका करतात तसंच हवं, पिझ्झ्यावर वितळणारं नको. २०२१ पासून युरोपात हे नाव सायप्रसपुरतं राखीव आहे, त्यामुळे रीतही इथलीच पाळायची आहे.

कृती अशी: ५ लिटर शेळी-मेंढीचं दूध, ३४ अंशांवर रेनेट (दूध गोठवून दही करणारं द्रव्य; वनस्पतिजन्य, घरात शाकाहारी आहेत), पाऊण तासाने दही कापणं, हळूहळू ४० अंशांपर्यंत तापवणं, मग साच्यात दाबणं. उरलेलं पाणी ९० पर्यंत नेलं की वर अनारी (मऊ ताजं चीज) येते, ती काढून घ्यायची. (कॅरोबच्या शेंगांच्या काकवीबरोबर ती हलूमीपेक्षाही सरस लागते, हे माझं ठाम मत!) मग त्याच पाण्यात ९२–९५ अंशांवर वड्या तरंगेपर्यंत, साधारण ४० मिनिटं, शिजवायच्या. गरम असतानाच मीठ आणि वाळलेला पुदिना लावून घडी.

घडी घालतानाच मधोमध तडा जातो. तव्यावर मात्र वितळत नाही, म्हणजे दही फार आंबलं नसावं; विरजण तर घालतच नाही. संशय दोन: दाबण्यात पाणी जास्त निघतंय (२ किलो वजन, एक तास), किंवा दूध पाश्चराइज्ड असल्याने दही कमकुवत बसतंय.

दही घट्ट बसावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड किती घालावं? आणि दाबायचं वजन कमी करावं, की वड्याच पातळ कराव्यात? हलूमी किंवा तत्सम चीज केलेल्यांनी कृपया आकड्यांसकट सांगा.