मदत हवी आहे : अमेरिकेतील प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी केलेले अर्ज का फेटाळले जात आहेत?

सांजवारा
नमस्कार. प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन (रोगप्रतिबंध) आणि सार्वजनिक आरोग्य या शाखेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या वेतनासह प्रशिक्षणासाठी, मी अर्ज केले आहेत. तीन ठिकाणांहून ‘आपण पात्र नाही’ एवढेच एका ओळीचे उत्तर आले. कारण कोणीही दिले नाही. माझे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) उत्तम गुणांनी झाले आहे, दोन शोधनिबंध प्रसिद्ध आहेत आणि स्टेपच्या (अमेरिकेतील डॉक्टरी परवान्याच्या) परीक्षा मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले आहे. तेव्हा दोष पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनात, असावा. ज्यांची निवड झाली त्यांनी तो मजकूर कसा मांडला, हे कृपया लवकर सांगावे. माझ्या हातात फार दिवस नाहीत.

पायवाट
‘पात्र नाही’ असे उत्तर येते तेव्हा पर्सनल स्टेटमेंट बहुधा कोणी उघडलेलेही नसते. आपण एमबीबीएस कोठून केले, अमेरिकेत क्लिनिकल (रुग्णसेवेचे) वर्ष पूर्ण केले आहे का आणि आपला व्हिसा कोणता, हे समजल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नाही.

जुना_भिडू
माझ्या मते भारतात परत येऊन कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करावे. तीन वर्षांत पदवी मिळते आणि आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत काम करणेही बंधनकारक आहे, त्यामुळे अनुभव अस्सल मिळतो. आमच्या वेळी या विषयाला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणत आणि ज्याला दुसरे काही मिळाले नाही त्याने तो घ्यावा असा समज होता. मी तो आवडीने घेतला, हे आजही कोणाला पटत नाही.

सांजवारा
भारतात परतण्याविषयी मी विचारलेले नाही. एमबीबीएस महाराष्ट्रातून केले असून इंटर्नशिपचे पूर्ण वर्ष झाले आहे, म्हणजे क्लिनिकल वर्षाचा प्रश्नच नाही. ईसीएफएमजीचे (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचे) प्रमाणपत्रही आहे. व्हिसाचा येथे काय संबंध, हे मला कळले नाही.

पायवाट
प्रश्न नेमका तेथेच आहे. आपली भारतातील इंटर्नशिप या कामी धरली जात नाही. प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनची रेसिडेन्सी दोन वर्षांची असते, पण तिच्याआधी मान्यताप्राप्त रेसिडेन्सी कार्यक्रमात किमान बारा महिने काढावे लागतात आणि त्यातले बहुतेक महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावे लागतात. काही कार्यक्रम हे पहिले वर्ष स्वतःच देतात. बाकीचे ते झालेलेच आहे असे गृहीत धरतात. आपण बहुधा दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी अर्ज केले असावेत.

गवतफूल
मी पायवाट यांच्याशी सहमत आहे, परंतु एकाच वर्षासाठी एवढी धडपड करण्यापेक्षा आधी फॅमिली मेडिसिन पूर्ण करावे. हातात एक क्लिनिकल बोर्ड (रुग्णसेवेच्या शाखेतील तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र) असले की नोकरी कोठेही मिळते. केवळ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन केलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला रुग्णालयांच्या मुलाखतींत आपण नेमके कसले डॉक्टर आहोत, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागत असे.

पायवाट
ज्यांना राज्याच्या आरोग्य विभागात काम करायचे आहे त्यांना रुग्णालयाच्या मुलाखतींची भीती घालण्यात अर्थ नाही. दोन्ही हवेच असेल तर चार वर्षांचे संयुक्त कार्यक्रम आहेत, इंटर्नल मेडिसिनबरोबर आणि फॅमिली मेडिसिनबरोबरही. मी स्वतः दोन वर्षांचाच मार्ग घेतला आणि मला तो कमी पडला नाही. आरोग्य विभागातील माझ्या फेरीत एका समारंभानंतर जुलाब सुरू झालेल्या लोकांची यादी माझ्या हाती आली. आजारी पडलेल्यांना आणि न पडलेल्यांनाही फोन करून कोणी काय खाल्ले आणि त्रास किती वाजता सुरू झाला हे मी विचारत होतो. चौथ्या दिवशी लक्षणांच्या वेळांचा आलेख काढला, तेव्हा सगळे रकाने एकाच रात्रीभोवती गोळा झालेले दिसले. ते शिक्षण वॉर्डात मिळाले नसते.

गवतफूल
आलेख सुंदर असेल, परंतु जे-वन या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर आलेल्या डॉक्टरने दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या अटीतून सूट कशी मिळवायची? ही सूट देणाऱ्या कॉनराड योजनेत तीन वर्षे पूर्णवेळ क्लिनिकल काम करण्याची हमी द्यावी लागते. कार्यालयात बसून साथीचा अभ्यास करणाऱ्याला ती हमी देता येत नाही. म्हणून मी फॅमिली मेडिसिन म्हणते.

सांजवारा
मी सध्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, आहे. यजमानांचा आय-वन-फोर्टी (ग्रीनकार्डाच्या वाटेवरचा नोकरीमार्फतचा अर्ज) मंजूर झालेला आहे, म्हणजे ग्रीनकार्ड जवळजवळ आल्यासारखेच आहे.

आडगाव_एक्स्प्रेस
‘जवळजवळ’ या शब्दाला येथे किंमत नाही. या शाखेतील पुष्कळ जागांचा पैसा, इतर रेसिडेन्सींप्रमाणे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेकडून रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेतून येत नाही. काही जागा एचआरएसए या केंद्रीय संस्थेच्या अनुदानावर चालतात आणि त्या अनुदानातून वेतन घेणारी व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते. मंजूर अर्ज म्हणजे कायम रहिवास नव्हे. प्रत्येक ठिकाणच्या कोऑर्डिनेटरला दोनच प्रश्न विचारा : जागेचा पैसा कोण देतो आणि पहिले वर्ष आपल्याकडे करता येते का?

जुना_भिडू
भारतातही एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस (साथरोग तपासाचे प्रशिक्षण) सुरू झालेली आहे, तेथे व्हिसा लागत नाही.

सांजवारा
आडगाव यांच्या सांगण्याप्रमाणे मी तिन्ही ठिकाणी दोन ओळींची मेल पाठवली. एका ठिकाणचे उत्तर अर्ध्या तासात आले की जागा अनुदानाच्या आहेत आणि ग्रीनकार्ड हातात हवे. दुसऱ्यांनी माझ्या क्लिनिकल वर्षाची तारीख विचारली, तिसरे अजून गप्प आहेत. पर्सनल स्टेटमेंटसाठी घालवलेले तीन आठवडे व्यर्थ गेले, हे कबूल करते. आता पहिल्या वर्षासाठी ट्रान्झिशनल इयर (अनेक विभागांत फिरण्याचे वर्ष) आणि प्रिलिमिनरी (मेडिसिन किंवा सर्जरीतील एक वर्ष) यांपैकी कशासाठी अर्ज करावा?

पायवाट
ट्रान्झिशनल इयरच्या जागांवर रेडिओलॉजी आणि डर्मटॉलॉजीकडे जाणारे उत्तम गुणांचे उमेदवार येतात, त्यामुळे तेथे चुरस फार असते. प्रिलिमिनरी मेडिसिनला अर्ज अवश्य करा. प्रिलिमिनरी सर्जरीच्या जागा मात्र मॅचनंतरही (देशव्यापी जागावाटपानंतरही) दरवर्षी मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात. वर्ष कष्टाचे जाते, पण रुग्णसेवेचे महिने भरतात. व्हिसा कोणता देतात, हे मात्र अर्जाआधी विचारून घ्या.