मदत हवी आहे: जुने छापील फोटो ठेवायला डबा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. आजीच्या ट्रंकेत साधारण ३०० फोटो सापडले, बहुतेक कृष्णधवल. चिकट पानांच्या अल्बममधले रंगीत फोटो पिवळे पडलेत, सुटता सुटत नाहीत. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवर बुरशीचा पांढरा ठिपका आलाय, नेमका आजीच्या नथीवर. बघून जीव तुटला.

वाचून एवढं कळलं की पीव्हीसी अजिबात नको, ते हळूहळू आम्ल सोडतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक चालतं, म्हणजे ज्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो ते. आम्लरहित पुठ्ठ्याचे खोकेही चांगले म्हणतात. पण आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे पुठ्ठा किती टिकणार?

म्हणून विचार असा आहे: फोटो एकेक करून आम्लरहित कागदात गुंडाळायचे, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात ठेवायचे आणि सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. भीती एकच, भरताना फोटोंतच ओल असली तर ती आत कोंडून राहील. मे महिन्यात भरावेत का? की पावडर कोटिंगची लोखंडी पेटी बरी? आई डांबरगोळ्या टाकू म्हणत होती, मी तूर्त थांबवलंय.

कोकणात किंवा गोव्यात कुणी दोन-चार पावसाळे असे फोटो सांभाळले असतील तर कृपया सांगा. आम्लरहित कागद सुटा कुठे मिळतो तेही कळवा. जूनच्या आत हे काम उरकायचं आहे.