वाचनालयाच्या कार्यक्रमात कवींचा आणि शिक्षकांचा सन्मान : शाल-श्रीफळाऐवजी काय करता येईल?

कार्यवाह, तालुका वाचनालय (प्रश्न)

आमचे (शासनाच्या वर्गवारीत) 'ब' वर्गाचे वाचनालय दर वर्षी २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, कविसंमेलन घेते आणि ५ सप्टेंबरला दोन शिक्षकांचा सत्कार करते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, लांबलेली भाषणे आणि श्रोते उठू लागल्यावर घाईने उरकलेले काव्यवाचन, असा साचा आता ठरून गेला आहे. गेल्या वर्षी निमंत्रित कवीला दोनच कविता वाचता आल्या, आणि सत्कारमूर्ती असलेल्या बाईंच्या हाती नारळ आला, पण माइक काही आला नाही. या वर्षी दोन्ही उपक्रम एकत्र करावेत आणि नेहमीच्या पाच-सात नावांपलीकडचे, निरनिराळ्या बोलींतले व समाजांतले कवी श्रोत्यांपर्यंत न्यावेत, असे कार्यकारिणीच्या मनात आहे. तारीख कोणती धरावी आणि आखणी कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

दोन्ही एकत्र करायचे असेल, तर ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, ही तारीख धरावी, असे मी आग्रहाने सांगेन. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली, हे प्रत्येक भाषणात येते. परंतु १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला होता, हे मी माझ्या नोकरीच्या काळात क्वचितच एखाद्या वक्त्याच्या तोंडून ऐकले. त्या संग्रहात पिवळ्या चाफ्यावर आणि जाईच्या फुलावर कविता आहेत, तशाच शिकण्याचा आग्रह धरणाऱ्याही आहेत. म्हणजे कवयित्री आणि शिक्षिका यांना वेगळे काढताच येत नाही. आमच्याकडे त्या दिवशी मुली लुगडे नेसून, कपाळावर आडवे कुंकू लावून येतात, छान दिसतात, आणि त्यांच्यापैकी एकीलाही सावित्रीबाईंची एक कविता पाठ नसते. यात दोष मुलींचा नाही. आम्ही शिक्षकांनी त्यांच्या हाती ती कविता दिलीच नाही. तुमच्या कार्यक्रमाची सुरुवात स्वागतगीताऐवजी अशा दोन कवितांनी करावी.

माध्यमिक शिक्षक, मुंबई

तारखेबद्दल बाईंशी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. कवी आणि शिक्षक एकत्र आणताना 'जो शिक्षक कविताही करतो' त्याचाच सत्कार होऊ लागतो आणि नुसता उत्तम शिकवणारा माणूस बाजूला राहतो. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि नंतर शिक्षक झाले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याविषयी बोलताना आपण कवितेवर तासभर बोलतो आणि शिक्षकपणाची एका वाक्यात बोळवण करतो.

यावर आम्ही वस्तीतल्या वाचनालयात एक साधा उपाय केला. ज्या शिक्षकाचा सन्मान करायचा, त्यालाच चाळीस मिनिटांचा जाहीर तास घ्यायला सांगितले. सभागृहात फळा आणला, श्रोत्यांना वह्या दिल्या, आणि सरांनी केशवसुतांची एक कविता शिकवली. केशवसुत स्वतः शाळामास्तर होते, हा धागाही त्यांनी ओघात घेतला. पंचवीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी पुढच्या रांगेत बसले होते आणि सरांनी प्रश्न विचारल्यावर सवयीने खाली मान घालत होते. दुसऱ्या वर्षी गणिताच्या बाईंनी तास घेतला, तोही रंगला. परिचयपत्र वाचून दाखवण्याची गरज दोन्ही वेळा पडली नाही.

वाचक, शहादा परिसर

बोलींतले कवी बोलवायचे, हा विचार चांगला आहे; मात्र ते कोणत्या जागी बसतात, हे आधी पाहावे. आमच्या भागातले भिली आणि मराठी कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता याच प्रश्नावर आहे: ज्यांचे दुःख आहे ते खाली बसलेले, आणि त्यांचे दुःख त्यांनाच समजावून सांगणारे वर उभे. ही कविता कार्यकारिणीच्या बैठकीत वाचली, तर आखणीचे निम्मे काम होईल.

माझा अनुभव असा आहे की, बोलीतल्या कवितेला बहुधा शेवटी, करमणुकीची बाब म्हणून जागा मिळते. बहिणाबाईंच्या बाबतीत तर निवेदक मंडळी त्यांची भाषा वाचता वाचता 'सुधारून' घेतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली संग्रह निघाला. घरच्यांनी जे जसेच्या तसे उतरवून घेतले, ते माइकसमोर बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? तेव्हा कविता आधी मूळ बोलीत, सलग होऊ द्यावी. मराठी अर्थ छापून श्रोत्यांच्या हाती द्यावा. मानधनाचे पाकीटही सर्वांना सारखे असावे. पुण्याहून येणाऱ्याला मानधन आणि पाड्यावरून येणाऱ्याला एसटीचे भाडे, असे झालेले मी पाहिले आहे. आणि नावे ठरवतानाच त्या समाजातले कोणी तरी बैठकीत असू द्यावे.

कार्यवाह, तालुका वाचनालय

सर्वांचे आभार. काल बैठक झाली. ३ जानेवारी ठरली. तीन कवींना प्रत्येकी वीस मिनिटे आणि त्यानंतर एका बाईंचा जाहीर तास. दीपप्रज्वलन राहील, कारण आमच्या अध्यक्षांना ते सोडवत नाही. निमंत्रणपत्रिकेवर नावे अकारविल्हे छापली जातील. वाचनालय चालवण्यासाठी शासनाकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानातून मानधनाला फारसे उरत नाही, म्हणून शाली, हार आणि स्मृतिचिन्हे यांचा खर्च तिकडे वळवला आहे. यावर थोडी कुरबुर झाली, पण ठराव मंजूर झाला. कवींची नावे मात्र अजून ठरलेली नाहीत. शहाद्याच्या वाचकांना विनंती आहे की, पुढच्या रविवारच्या बैठकीत आपण फोनवरून सहभागी होऊ शकाल का?