पऱ्हाटीवरील फवारणी आणि गृहस्थाची अहिंसा

कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार. वाशीम जिल्ह्यात कारंज्याच्या बाजूला आमचे नऊ एकर वावर आहे. आम्ही सैतवाळ जैन असून तीन पिढ्यांपासून कापूस आणि तूर घेतो. रात्री जेवायचे नाही, न गाळलेले पाणी प्यायचे नाही, कंदमूळ घरात आणायचे नाही, हे नियम माझ्या आईने आजवर मोडलेले नाहीत. आणि तिचाच मुलगा मी, भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू असताना पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करतो. गेल्या वर्षी तिने विचारले, "गाळण्यात जो जीव आपण वाचवतो, तो बोंडात शिरला की जीव राहत नाही काय?" मला उत्तर देता आले नाही. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रतात (अहिंसेच्या मर्यादित व्रतात) या फवारणीला जागा आहे का, हे जाणकारांनी सांगावे. शेती सोडण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये.

पोथीवाचक

भाऊ, शेती सोडण्याचा सल्ला देण्याचे कारणच नाही, कारण जैन परंपरेनुसार कृषी शिकवली ती प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी. उपासकदशा या आगमग्रंथातील आनंद या गृहस्थ श्रावकाने परिग्रहाची, म्हणजे मालमत्तेची, मर्यादा घातली तेव्हाही पाचशे नांगर स्वतःकडे ठेवले होते. (त्याच आगमात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे हिंसाप्रधान धंद्यांत, जमीन फोडण्याचा व्यवसायही येतो, म्हणजे ही ओढाताण आपल्यापासून सुरू झालेली नाही.)

हिंसेचे संकल्पी (ठरवून केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (उपजीविकेच्या कामात होणारी) आणि विरोधी (रक्षणासाठी केलेली) असे चार प्रकार मानतात. मुनी चारही सोडतात. गृहस्थ संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडतो आणि उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी करतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्याच 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा' अशी केली आहे. नुसता प्राण जाण्यापेक्षा त्यामागचा प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, तेथे निर्णायक ठरतो. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकात तर तुमचेच उदाहरण आहे: धीवर (मासे पकडणारा) एकही मासा न मारता पापी ठरतो आणि कर्षक (शेतकरी) जीव मारूनही ठरत नाही, कारण दोघांचे चिंतन वेगळे असते. माझ्या मते आपल्या आईंना हे उत्तर पुरेसे आहे.

कोरडवाहू

काका, आभारी आहे, परंतु माझी अडचण नेमकी येथेच आहे. सोमदेवांचा शेतकरी नांगर हाकतो आणि जीव त्याच्या तासात (नांगराच्या चरीत) सापडतात. त्याला ते मारायचे नसतात. वखर किंवा डवरा या मशागतीच्या अवजारांच्या बाबतीत मी हे मान्य करतो. पंपात औषध मिसळताना मात्र माझ्या मनात अळी मेली पाहिजे याखेरीज दुसरे काहीच नसते. मग त्या क्षणी मी कर्षक की धीवर?

बांधावरचा

हा आक्षेप बिनतोड आहे आणि त्याला श्लोकाने उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. फवारणीला फार तर विरोधी हिंसा म्हणता येईल, कारण उभ्या पिकाचे रक्षण त्यात आहे. पण रक्षणाची गरज संपते तेथे ती सवलतही संपते, आणि आपण नेमके तेच मोजत नाही. कृषी केंद्रवाल्याने सांगितले, शेजाऱ्याने फवारले, म्हणून आपणही फवारतो. प्रमाद म्हणतात तो हाच.

गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावावेत आणि सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज ८ किंवा अधिक पतंग आढळले तरच फवारावे, अशी शिफारस आहे. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हाच्या फवारणीत पीक वाचत नाही आणि पानावरचे निरुपद्रवी, कधी उपकारकही कीटक मात्र मरतात. याहून मोठी गोष्ट फरदडीची आहे. पाच-सहा क्विंटलच्या मोहाने डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवायची, तिच्यावर अळी पोसायची आणि पुढच्या हंगामात तिलाच मारण्यासाठी पंप उचलायचा, हा व्यवहार संकल्पी हिंसेच्या फार जवळ जातो. मीही दोन वर्षे तेच केले, म्हणून लिहितो. रानडुकरांसाठी तारेत थेट वीज सोडणारे आमच्या शिवारातही आहेत. तो गुन्हा तर आहेच, आणि त्याला कोणत्याही प्रकारात बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

अंजनगावची लेक

दादा, सगळी चर्चा अळीवरच चालली आहे, म्हणून लिहिते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार (व्रतातले दोष) बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे आहेत. म्हणजे जनावर जाचक रीतीने बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर प्रमाणाबाहेर ओझे लादणे आणि त्याचे चारापाणी तोडणे. शास्त्रकारांनी व्रतभंगाची जागा दाखवताना गोठ्याकडे बोट दाखवले आहे. माझ्या माहेरी रात्रिभोजनाचा त्याग कडक होता, पोळ्याला बैलांना पुरणपोळीही मिळत असे, पण वेचणीच्या दिवसांत कापसाची गाडी शिगोशीग भरली जाई आणि ढेप (सरकीची पेंड) महाग झाली की सर्वांत आधी बैलांचीच कमी होई. हे पाप कोणी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. उन्हात फवारणी करणारा सालगडीही पंचेंद्रिय जीव आहे. त्याला हातमोजे आणि मास्क न देणारा मालक अळीची दया कशी करणार?

कोरडवाहू

ताई, सालगडी ठेवण्याची आमची ऐपत नाही, पंप मीच उचलतो. बैलांबद्दल मात्र आपण लिहिलेले अर्धे आमच्या गोठ्यालाही लागू आहे. सर्व उत्तरे आईला वाचून दाखवली. फरदड यंदा ठेवायची नाही, हे तिला लगेच पटले. कामगंध सापळ्याविषयी तिने विचारले की त्यात गेलेल्या पतंगाचे पुढे काय होते. तो मरतो, असे मी खरे ते सांगितले. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मोजायला जाशील तेव्हा एकटाच जा."