पोरं परदेशात जातात ती बॅनरसाठी? (आणि मग सातबाऱ्यावरून पेटलेलं)

तापीकाठ: काल इथेच एकाने लिहिलं, "जळगाव-धुळ्याची पोरं परदेशात जातात ती चौकात बॅनर लागावा म्हणून, शिक्षण इथेही तेच आहे." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. बॅनर लागतात, मान्य. पण बॅनरसाठी कोणी बारा लाख अडकवत नाही.

मेडिकलचं बघा. नीटला बसणारे वीस लाखांच्या पुढे, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी निम्म्या. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी कॉलेज आहे, तरी थोडक्यात हुकलेल्यापुढे खासगीची फी नाहीतर जॉर्जिया-कझाकस्तान एवढंच उरतं. इंजिनिअरचं गणित निराळं. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे म्हणून आधी खात्यात अडकवायचे ११,९०४ युरो ही फी नव्हेच, महिन्याला ९९२ प्रमाणे पोराच्याच हातात परत येतात.

धुळेकर_७७: जॉर्जिया-कझाकस्तान एका दमात उरकलंत! पुढचं कोण सांगणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीत, आणि त्या देशात प्रॅक्टिसला लागणारी पात्रता. एक अट हुकली की भारतात नोंदणीचा रस्ता बंद. सगळं जमलं तरी एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची इथली परीक्षा, ३०० पैकी १५० हवेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी पास होणाऱ्यांपेक्षा नापासच जास्त. कारण वर्गात इंग्रजी, पण वॉर्डातला पेशंट रशियन नाहीतर जॉर्जियन बोलतो. पोरगं आजाराची हिस्टरी विचारणार कशी? मग इथे येऊन पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. याला पर्याय म्हणता?

तापीकाठ: हुकलेल्याने काय करायचं ते तरी सांगा. तिसऱ्यांदा नीट?

केळीबाग: तुमचं मेडिकल राहू द्या. सरकारी जर्मन विद्यापीठ एजंटला दमडी देत नाही, म्हणून जर्मनी विचारायला गेलेल्याच्या हातात खासगी कॉलेजचं पत्रक पडतं, फी वर्षाला दहा-बारा हजार युरो. आणि खरी गोची बँकेत आहे. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. यावल-रावेरला दहा एकर बागायत असलेल्या बापाला म्हणतात, सातबारा नको, दुसरं काही आणा. गहाण पडायला जमीन चालते, पोराच्या शिक्षणाला चालत नाही?

काउंटरमागचा: थकीत कर्जवसुलीचा सरफेसी कायदा, २००२, कलम ३१ वाचा. शेतजमिनीवरचं तारण त्या कायद्यातून वगळलंय. हप्ते थकले तर बँकेला ती जमीन परस्पर विकता येत नाही, दाव्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो. पीककर्जाची गोष्ट वेगळी. शैक्षणिक कर्जाला एनए प्लॉट, फ्लॅट नाहीतर एफडी.

केळीबाग: म्हणजे शेतकऱ्याला वाचवायला कायदा केला आणि त्याच्याच पोराला दाराबाहेर उभं करायला वापरला. वा!

काउंटरमागचा: आणि जमिनी धडाधड लिलावात गेल्या असत्या तर पहिली बोंब तुम्हीच मारली असती. दोन्हीकडून ढोल वाजवू नका.

केळीबाग: ढोल? एसीत बसून बोलणं सोपं आहे. गावातलं घर दाखवलं तर म्हणता नमुना ८ चालत नाही!

काउंटरमागचा: नाहीच चालत. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यात निम्म्या घरांवर अजून आजोबांचं नाव. आधी वारस नोंद, म्हणजे नोटीस, हरकती, मग फेरफार. एका चुलत्याने सही अडवली की वर्ष गेलं.

धुळेकर_७७: भाऊ, कसाले चिडी ऱ्हायना? धागा पोरं का जातात याचा होता ना?

केळीबाग: तोच चाललाय. कोण जातं हे तारणावर ठरतं. जळगाव शहरात फ्लॅट असेल तो म्युनिकला जातो, बागायतवाल्याचं पोरगं महागडं विनातारण कर्ज घेतं.

काउंटरमागचा: हे मात्र खरं, नाइलाजाने मान्य. वीस लाख बारा टक्क्यांनी एकदम उचलले तर सरळव्याजानेच वर्षाला २ लाख ४० हजार. कोर्सची दोन वर्षं आणि नंतरची हप्ते न भरण्याची सवलत धरून तीन वर्षांत ७ लाख २० हजार, तेही पहिला हप्ता सुरू व्हायच्या आधी. व्याज सुरुवातीपासून भरत राहा, निदान अर्धं तरी.

नंदुरबारी: भांडण आवरलं असेल तर एक. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम उलटा, कधी वडिलांचं नाव गायब. एपीएसचे, म्हणजे जर्मनीसाठी मार्कशीट तपासून घेण्याचे १८,००० रुपये भरण्याआधी दोन्ही जुळवा, मग धावाधाव वाचते. आणि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवाल्यांनी विद्यापीठाच्या क्यूएस या जागतिक रँकिंगची अट आधी बघावी, ऑफर लेटर आल्यावर नाही.

केळीबाग: स्वामित्व योजनेचं प्रॉपर्टी कार्ड मिळालंय गावात. ते तरी चालेल का, साहेब?

काउंटरमागचा: "साहेब" टोमणा समजला. कार्ड नमुना ८ पेक्षा कितीतरी बरं. पण बँकेचा वकील तीस वर्षांचा मालकीचा सर्च मागतो आणि गावठाणात मागची दस्तांची साखळी सापडत नाही. शाखेत आधीच विचारा, लेखी घ्या. ऑक्टोबरचं सेमिस्टर धरायचं असेल तर हे काम जानेवारीत काढा.