मदत हवी आहे: पॅडवर ठेक्यात वाजवतोय, रेकॉर्डिंग मात्र मागे पडतंय

बीटबहाद्दर
फिंगर ड्रमिंगचा (पॅडवर बोटांनी ड्रम वाजवायचा) ऑनलाइन कोर्स चालू आहे. कोर्सच्या अ‍ॅपमध्ये ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) ९५ टक्क्यांच्या वर मार्क पडतात. पण स्वतःचं काही करायला बसलो की पार बोंब. मेट्रोनोम धरूनच वाजवतोय, तरी सगळ्या नोटा उशिरा पडतात. क्वांटाइझ केलं, म्हणजे नोटा आपोआप जवळच्या रेषेवर ओढल्या, की आणखी भलतंच, पहिल्या मात्रेची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) शेजारच्या घरात जाऊन बसते. शिवाय सगळे ठोके एकाच जोराचे. कोर्सवाल्यांना मेल केली तर 'सराव वाढवा' एवढंच उत्तर. या शनिवार-रविवारी एक ट्रॅक पुरा करायचाय. कृपया सराव करा असं सांगू नका.

मात्रागणित
पॅड कोणता? सॉफ्टवेअर कोणतं? ऑडिओ ड्रायव्हर (आवाज हाताळणारा प्रोग्राम) कोणता, बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा) किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पत्रिका न देता भविष्य विचारताय.

सोळापॅड
बफर जास्त असणार, दुसरं काय. ५१२ सॅम्पल असेल तर सेकंदाला ४४१०० च्या हिशोबाने ११.६ मिलिसेकंद होतात, १२८ केलं की २.९. विंडोजवर असाल तर एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडा, लगेच फरक पडेल.

बीटबहाद्दर
पॅड अकाई एमपीके मिनी, सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ, विंडोज. ड्रायव्हर आधी 'एफएल स्टुडिओ एएसआयओ' होता. त्यात हेडफोन नीट चालेना म्हणून साधा विंडोजचा लावलाय. बफर ५१२ होता, आता २५६ केला. काडीचा फरक नाही.

नादखुळा_सातारा
एमपीके मिनीला आठच पॅड. कोर्स बहुतेक सोळा पॅडवर, म्हणजे चार बाय चार जाळीवर शिकवत असणार. तिथेच गोची आहे. अकाईचाच एमपीडी२१८ घ्या, सोळा पॅड आणि तीन बँका (आवाजांचे संच), म्हणजे ४८ आवाज.

मात्रागणित
@नादखुळा, आठ पॅड असले म्हणून नोट उशिरा पडत नाही. माणसाला खर्चात पाडू नका.

@बीटबहाद्दर, एक करा. स्नॅप (नोट रेषेला चिकटवणारी सोय) बंद करून चार बार (प्रत्येकी चार मात्रा) नुसती किक वाजवा, प्रत्येक मात्रेवर एक. क्वांटाइझ करू नका. पियानो रोल (नोटा दाखवणारी जाळी) मोठा करून बघा. नोटा कधी रेषेच्या आधी, कधी नंतर अशा विखुरल्या असतील तर हात कच्चा. सगळ्या साधारण सारख्याच अंतराने उजवीकडे सरकल्या असतील तर हाताचा दोष नाही, आवाज तुमच्या कानापर्यंत उशिरा पोचतोय.

तबला_ते_पॅड
मूळ मुद्दा सगळे विसरताय. बोटं तयार नसतील तर यंत्र बदलून उपयोग नाही. तबल्याचे बोल घ्या. केरवा: धा गे ना ति । न क धि न. डग्ग्याचं काम डाव्या हाताच्या किकला द्या, 'ना' आणि 'ति' उजव्या तर्जनीला. धा म्हणजे दोन्ही पॅड एकदम. आधी तोंडाने म्हणायचं, मग वाजवायचं. ६० बीपीएमला चोख बसलं की मगच पुढे.

सोळापॅड
@तबला_ते_पॅड, बोल म्हणायची सवय चांगलीच, पण 'गे'ची मींड (सुराची घसर) पॅडवर कुठून आणणार? तिथे ठोका पडला की सॅम्पल सुटतं, विषय संपला. पॅडचा सराव पॅडच्याच पद्धतीने करावा. पॅराडिडल, म्हणजे हातांचा ठरलेला क्रम: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा.

तबला_ते_पॅड
मींड येत नाही हे मान्य. पण अंग येतं. पॅराडिडल पाठ करून ठेका वाजतो, लग्गी (ठेक्यातली जलद खुलावट) नाही वाजत.

बीटबहाद्दर
अहो भांडू नका. @मात्रागणित, करून बघितलं. सगळ्या उजवीकडेच सरकल्यात, जवळजवळ एकसारख्या. १/१६ च्या एका घरापेक्षा किंचित जास्त.

मात्रागणित
मग हिशोब बघा. ९० बीपीएमला एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. तिचा चौथा भाग, म्हणजे १/१६ चं एक घर, १६७. तुमची नोट त्याहून थोडी जास्त सरकते, म्हणजे अंदाजे २०० चा उशीर. बफर ५१२ वरून २५६ केल्याने जेमतेम सहा मिलिसेकंद वाचले, ते तुम्हाला जाणवणारच नाहीत. दोनशेचा उशीर बहुतेक एकाच गोष्टीने होतो. हेडफोन ब्लूटूथ आहेत का?

बीटबहाद्दर
हो. ते सांगायचं असतं होय? गाणी तर मस्त ऐकू येतात त्यावर.

मात्रागणित
गाणं ऐकताना पूर्ण गाणंच उशिरा येतं, म्हणून कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मेट्रोनोमची टिक कानात २०० मिलिसेकंद उशिरा पोचते. तुम्ही त्या टिकेवर अचूक मारता. पण सॉफ्टवेअरचं घड्याळ तोवर पुढे गेलेलं असतं, त्यामुळे नोट उशिराच्या जागी लिहिली जाते. क्वांटाइझ तिला जवळच्या रेषेवर ओढतं, आणि जवळची रेषा आता पुढच्या घराची असते. किक शेजारी जाते ती त्यामुळे. अ‍ॅपमध्ये मार्क मिळतात कारण त्यात सुरुवातीलाच विलंब मोजून वजा केला जातो. टिकेबरोबर टॅप करा असं सांगणारा एक स्क्रीन आला असेल, आठवतंय?

बीटबहाद्दर
आला होता. दहा-बारा वेळा टॅप करायला लावलं होतं.

कोथरूडची_मनी
अवांतर: एफएल स्टुडिओची ट्रायल असेल तर सेव्ह केलेला प्रोजेक्ट बंद केल्यावर पुन्हा उघडता येत नाही. रविवारी रात्री कळलं तर रडाल. बंद करण्याआधी वेव्ह (आवाजाची फाइल) एक्सपोर्ट करा. नाहीतर रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या, त्याची ६० दिवसांची ट्रायल पूर्ण चालते.

सोळापॅड
रीपर? नवख्याला बीट बनवायला? कैच्या कै.

मात्रागणित
सॉफ्टवेअर आत्ता बदलू नका. वायरचे इअरफोन लॅपटॉपच्या जॅकला लावा. एफ१० दाबून ऑडिओमध्ये जा, ड्रायव्हर परत 'एफएल स्टुडिओ एएसआयओ', बफर २५६. तिथेच अंडररन्सचा (आवाज तुटल्याचा) आकडा दिसतो. तो वाढत नसेल तर १२८ करून बघा. आवाज तडतडायला लागला की परत २५६. त्याच्या खाली जायचा हट्ट नको.

सोळापॅड
आता 'सगळे एकाच जोराचे' याकडे. एमपीके मिनीवर 'फुल लेव्हल' नावाचं बटण आहे. ते पेटलेलं असेल तर बोट हळू पडो की जोरात, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) कमाल १२७च जाते. ते विझवा. मग स्नेअरच्या (कडक आवाजाच्या ड्रमच्या) अधेमधे येणारे हलके ठोके ३० ते ५० च्या आसपास आणि मुख्य ठोका १०० च्या वर ठेवायचा प्रयत्न करा. पियानो रोलच्या खालच्या पट्टीत दांड्यांची उंची दिसते. त्या सगळ्या सारख्या असतील तर ऐकायचीही गरज नाही, ठेका मेलेला आहे.

आठ पॅडवर असं मांडा: डावा अंगठा पॅड २ वर किक, डावी तर्जनी पॅड ५ वर स्नेअर. उजवी तर्जनी पॅड ७ वर बंद हॅट (पायाने मिटायची झांज), मधलं बोट पॅड ८ वर उघडी हॅट, उजवा अंगठा पॅड ३ वर रिम (ड्रमच्या कडेचा ठोका). एफपीसीमध्ये (एफएलमधलं ड्रम वाजवायचं प्लगइन) दोन्ही हॅट एकाच कट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे बंद हॅट वाजली की उघडी गप्प बसते. हे केलं नाही तर उघडी हॅट पुढच्या ठोक्यांवर सांडत राहते आणि बीट चिखल वाटतो. कोर्सच्या व्हिडिओत बोट वेगळ्या पॅडवर दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. कोणता आवाज कोणत्या बोटाला, तेवढं एकदा ठरवा आणि बदलू नका.

नादखुळा_सातारा
ढोल-ताशाचे सॅम्पल पाहिजेत का? यूट्यूबवरून मिरवणुकीचे उचलू नका. मागे गर्दी आणि शिट्ट्या असतात, शिवाय कॉपीराइटची कटकट.

बीटबहाद्दर
ते कोणी विचारलंय 😄 तरी लक्षात ठेवतो.
वायरचे इअरफोन लावले. किक आता रेषेवर आहे, स्नेअर थोडी मागेपुढे होते, पण विखुरलेली. फुल लेव्हलचं बटण पेटलेलंच होतं. आधीचे तीन टेक चांगले जमलेत, ते फुकट गेले का?

मात्रागणित
नाही. क्वांटाइझ न केलेला टेक असेल तर पियानो रोलमध्ये कंट्रोल + ए ने सगळं निवडा आणि ऑल्ट दाबून धरून एकत्र डावीकडे ओढा. ऑल्टमुळे स्नॅप आड येत नाही. पहिली किक रेषेवर आली की थांबा, बाकीच्या आपोआप बसतील. मग कंट्रोल + क्यू ने क्वांटाइझ करा. क्वांटाइझ करून बसला असाल तर सगळं बरोबर एक घर डावीकडे घ्या. एखादी नोट तरीही चुकीच्या घरात राहील, ती हाताने हलवा.

तबला_ते_पॅड
आणि स्नेअर विखुरतेय म्हणालात, त्याला मात्र इअरफोन नाही. केरवा, ६० ला.